प्रतिसाद: अल्गोल आणि मंगळ
दुर्घटनेच्या वेळी मंगळ अल्गोल या अशुभ मानल्या जाणाऱ्या ताऱ्यावर होता, म्हणून ती घडली, हा तुमचा वरचा तर्क पटला नाही. मंगळ साधारण दोन वर्षांतून एकदा राशिचक्रातल्या त्या अंशावरून जातोच. रवी तर दरवर्षी मेच्या मध्यात! शिवाय ययाती समूहातला हा तारा क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या) उत्तरेला सुमारे २२ अंश आहे. म्हणजे युती फक्त कागदावर, भोगापुरती (क्रांतिवृत्तावर मोजलेल्या अंशांपुरती). प्रत्यक्ष आकाशात मंगळ त्याच्या आसपासही नसतो. अल्गोलचं स्थान सायन (वसंतसंपातापासून मोजलेलं) वृषभेचे २६ अंश धरलंत की निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं), तेही लिहिलं नाहीत (फरक तब्बल २४ अंशांचा). मेदिनीय ज्योतिषात (देश आणि सार्वजनिक घटनांच्या ज्योतिषात) ग्रहणकुंडली, मेषसंक्रमणाची (रवीच्या मेष राशीतल्या प्रवेशाची) कुंडली पाहतात. त्यावरून घटनेआधी लिहिलेलं एखादं भाकीत असेल तर तारखेसकट द्या, वाचायला आवडेल.