नंदीध्वज कापायचा का? सुतार पाचला येतोय

मेलबर्नच्या कार्यक्रमाला विमानाने न्यायचाय, आपल्या सिद्धेश्वर यात्रेत मिरवतात त्या उंच मानाच्या काठीसारखा. काठी बारा फुटी, अख्खी. पालखीच्या वेळचा घोळ परत नको. चेक-इन बॅगेला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमी, वजन २३ किलो. चार फुटी तीन तुकडे केले तर १२२ गेले, ३६ उरले, त्यात बाकीचं बसतं. पण जोड कसा द्यायचा? आजच सांगा.
– अण्णा, जुळे सोलापूर

अण्णा, कापताना पेर सोडून कापा. आतून नळी घालायच्या भानगडीत पडू नका, पेराशी अडकते. बाहेरून दहा इंची लोखंडी नळी, खालच्या तुकड्याला कायमची, वरचा तुकडा सरकवायचा, मग आरपार बोल्ट. भोक ड्रिलनेच पाडायचं. खिळा ठोकला की वेळू उभा चिरलाच.
– तात्या

मुळात वेळू कशाला? इकडे मेलबर्नला बांबू डिक्लेअर करावा लागतो, कीड दिसली की अडकला. मागे शेंगाचटणीवरून मी तासभर उभी होते. ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, वरून खोळ.
– वहिनी

वहिनी, चटणी वेगळी, हे वेगळं. आमच्या घरी यात्रेआधी महिनाभर सरावाच्याच गप्पा असायच्या. मानाचे सात नंदीध्वज सोलापुरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना जातात, ते काय बोल्ट कसून? पाइपला नंदीध्वज म्हणू नका, प्रतिकृती म्हणा. आणि काठीचं खातं माझ्याकडे होतं, सुतार कुणी ठरवला?
– काका, बाळीवेस

काका, प्रतिकृतीच आहे की हो. स्टेजवर दहा मिनिटं उभी राहणार. बाशिंग बांधलं, खोळ चढवली की बोल्ट कुणाला दिसतोय? मला काळजी डुलण्याची. वरचा जोड ढिला राहिला तर ‘हर्र बोला हर्र’ म्हणेपर्यंत काठी पहिल्या रांगेत. नळीत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बघा.
– तात्या

ट्यूबची पट्टी चालली, घट्ट बसली. काठी कापली. पेरं सोडता सोडता तुकडे सारखे आले नाहीत, सगळ्यात मोठा १२७ सेंमी, म्हणजे रुंदी-उंचीला ३१ च उरले. वहिनी, वेळूच आणतोय, डिक्लेअर करतो. काका, सुतार तुमच्याच गल्लीतला आहे.

बाराबंदी, म्हणजे यात्रेतले पांढरे अंगरखे, किती जणांच्या शिवायच्या, हे अजून कुणीच कळवलेलं नाही.
– अण्णा