जिप्सम बोर्डाच्या आडभिंतीवर पुस्तकांचे शेल्फ

प्रश्न: म्हापशातील आमच्या फ्लॅटमधल्या जिप्समच्या आडभिंतीवर पुस्तकांचे शेल्फ बसवायचे आहे. आतील पत्र्याचे उभे खांब भिंत न फोडता कसे शोधावेत?

उत्तर: लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून सावकाश फिरवावे. पुट्टीखालच्या स्क्रूंपाशी ते चिकटते, आणि असे ठिपके एका उभ्या रेषेत आले की खांब सापडला असे समजावे. पुढचा बहुधा ६० सेंटिमीटरवर मिळतो. नुसत्या टिचक्या मारून अंदाज बांधण्यावर माझा विश्वास नाही.

उत्तर: स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नये, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

उत्तर: शेजारची भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल, तर शेल्फ तिच्यावरच न्यावे. मात्र चिरा भुसभुशीत असल्याने ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून स्क्रू पकडणारा लांब प्लग भोकात वापरावा.