लेकीला सिलिअ‍ॅक निघाला, आता धाकट्याची तपासणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार. माझी मुलगी ८ वर्षांची. तीन वर्षं तिचं हिमोग्लोबिन ८-९च्या वर सरकतच नव्हतं. लोहाची सिरपं बदलली, जंताचं औषध झालं, खजूर झाले. जुलाब कधीच नव्हते, उलट बद्धकोष्ठ, त्यामुळे पोटाच्या आजाराची शंका कुणालाच आली नाही. "आईच बुटकी, पोर कुठून उंच होणार" हे इतक्यांदा ऐकलं की मलाही पटलं होतं. दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीने उंचीच्या खुणा करतो. सहाव्या आणि सातव्या वाढदिवसाच्या खुणांमध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर आहे. रोज ते दार उघडत होते आणि दिसलं नाही.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही या आजाराच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला. सिलिअ‍ॅकच.

तिचं आता बरं चाललंय. गिरणीत गव्हावर ज्वारी दळून मिळते म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ निघालं, तीही गेली.

प्रश्न धाकट्याचा आहे, वय साडेचार. खातो, खेळतो, वजन ठीक. पण सख्ख्या नात्यात शंभरात सात-आठ जणांना हा आजार निघतो आणि लक्षणं नसली तरी असू शकतो, म्हणून त्याचीही तपासणी करायला सांगितली आहे. घोळ असा की "एकाला पोळी आणि एकीला भाकरी नको" म्हणून सासूबाईंनी घरातला गहूच बंद केला. दीड महिना झाला. गहू पोटात नसेल तर अँटीबॉडी उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, हे मला काल कळलं. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे.

ज्यांनी भावंडांची तपासणी केली आहे त्यांनी सांगा: पोळी परत सुरू करून किती दिवसांनी रक्त दिलंत? रोज किती खायला सांगितली होती? एकूण आयजीए (रक्तातल्या या प्रकारच्या सगळ्या अँटीबॉडींचं प्रमाण) त्याच वेळी करून घेतलंत का? ते मुळातच कमी असलं तर टीटीजी-आयजीए फसवं येतं म्हणतात. आणि निगेटिव्ह आल्यावर पुन्हा कधी केलीत?

"खपली गहू चालतो" असं कृपया सुचवू नका, त्यातही ग्लूटेन असतं.

ता.क. धाकटा शेजारच्या काकूंकडे रोज पोळीचा लाडू खातो असं आत्ताच कळलं. तो गव्हाच्या हिशोबात धरायचा का?