सीसीएनए एका महिन्यात होतं का?

एक महिन्यात सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा) होईल का असं विचारलंयस, तर नोकरी सांभाळून नाही होत रे, निदान नीट तरी नाही. मला साडेचार महिने लागले. ऐरोलीला शिफ्ट, घर ठाण्यात, घरी आल्यावर डोकं चालायचं नाही म्हणून पहाटे ५ ते ७ बसायचो आणि ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये फक्त सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान तुकड्यांत वाटणं), म्हणजे /२६ दिसलं की ६४ पत्ते, त्यातले होस्टला ६२, मास्क २५५.२५५.२५५.१९२, हे कागद न घेता यायला हवं कारण पेपर १२० मिनिटांचा असतो आणि तिथे आकडेमोड करत बसलास की वेळ गेलाच.

खरा वेळ खातं ते रूटिंग, म्हणजे डेटा एका नेटवर्कमधून दुसऱ्यात कोणत्या वाटेने जाणार ते. सिलॅबसमध्ये आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के वजन आहे, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) त्यातच येतं. व्हिडिओ बघून सगळं समजल्यासारखं वाटतं पण पॅकेट ट्रेसर (सिस्कोचं नेटवर्क सिम्युलेटर) उघडून तीन राउटर जोडले आणि ते ओएसपीएफमध्ये एकमेकांचे नेबर काही होईनात, दोन रात्री गेल्या, शेवटी कळलं की एका बाजूचा एरिया नंबर वेगळा टाकलेला. ते आता जन्मात विसरणार नाही. पॅकेट ट्रेसर फुकट आहे, रोज उघड.

ऑटोमेशन १० टक्के, ते शेवटच्या दोन आठवड्यांत होतं.

आणि प्लीज डम्प्स (परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं) पाठ करू नकोस, इंटरव्ह्यूत व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगळी नेटवर्क्स) आणि ट्रंकचा (अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी) एक प्रश्न आला की लगेच उघडं पडतं. तू आधीपासून नेटवर्क सपोर्टला असशील तर दोन-अडीच महिने पुरतील. तारीख मात्र सराव टेस्ट नीट जायला लागल्यावरच घे, फी बरीच आहे.