पोकलेनचं इंजिन काढून मोटर बसवणं इंदुरात परवडेल का?

रामबागकर: गल्लीत खोदकाम निघालं की आमच्या घरांत डिझेलची काजळी. स्वच्छतेत 2017 ते 2023 सलग सात वेळा पहिलं आलेलं शहर, आणि धुराचं कुणाला काही नाही. जुन्या पोकलेनचं इंजिन काढा, मोटर बसवा. हायड्रॉलिक पंप, बूम, बकेट सगळं तेच राहतं. बॅटरी जड असते म्हणावं, तर तोल राखायला मागे वजन, काउंटरवेट, लागतोच की!

पोकलेनमालक, देवास नाका: भाऊ, हिशोब करा. वीस टनी मशीन तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पिते. एका लिटरात साधारण 10 युनिट ऊर्जा, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त कामी येते. म्हणजे आठ तासांच्या पाळीला साडेतीनशे-चारशे युनिट. व्होल्वोने स्वतः बनवलेल्या ईसी230 इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी 264 युनिटांची. ती तुमच्या गल्लीत चार्ज कुठे करू? तात्पुरतं कनेक्शन मिळेपर्यंत काम उरकतं. मग जनरेटर लावायचा, तोही डिझेलचाच! त्यापेक्षा डिझेलचा ड्रम पिकअपमध्ये टाकला की महूला जा, नाहीतर सांवेरला.

रामबागकर: डंपरची वाट बघत इंजिन रिकामं धडधडतं, ते डिझेल कुणाच्या खात्यात? मोटर थांबली की खर्च थांबला.

पोकलेनमालक, देवास नाका: इंजिन बंद केलं की केबिनचा एसीही बंद. मे महिन्यात हे ऑपरेटरला तुम्हीच येऊन सांगा.

सुदामानगरची सून: दोघंही बॅटरीतच अडकलात. सिंगरौलीच्या कोळसा खाणीत ड्रॅगलाइन, म्हणजे दोरांवर बादली ओढून खोदणारं अवाढव्य यंत्र, विजेवर चालते, मागे केबल ओढत. टॉवर क्रेन विजेवर, मेट्रोचा बोगदा खणणारं यंत्रही विजेवर. जी मशीन खडी फोडणाऱ्या क्रशरवर महिनोन्महिने एकाच जागी असते, ती आधी बदला. गल्लीतली राहू द्या.

रामबागकर: ताई, क्रशरवर राहतं कोण?

सुदामानगरची सून: मजूर.

जुना हिशोबनीस: आणि वीज येते कुठून? देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची. तुमच्या गल्लीतला धूर खंडव्याकडच्या सिंगाजी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघेल, एवढंच. त्यापेक्षा 2025 पासून चाकांवरच्या नव्या बांधकाम मशीनना धुराचे सीईव्ही स्टेज पाचचे नियम लागू झालेत, काजळी अडवणारा फिल्टर त्यातूनच आला. तेच साखळीवाल्या पोकलेनलाही लावा. जुनी भंगारात काढा.

सुदामानगरची सून: काका, चिमणी उंच असते. पोकलेनचा पाइप मुलांच्या खिडकीसमोर असतो.

पोकलेनमालक, देवास नाका: भंगारात काढा म्हणे! हप्ते कोण भरणार? बदललेल्या मशीनवर बँक कर्ज देईल का, पंप गेला तर कंपनी दारात उभं करेल का, ते आधी बोला. तासाचं भाडं तेच राहणार असेल तर पहिली उडी मी नाही मारत. क्रशरवाल्याने मारावी, त्याच्या आवारात ट्रान्सफॉर्मर आहे.