अनुभव धागा: ॲप उतरवण्याचे तुमचे किस्से

वाटाणा_उसळ: दिवाळीची आवराआवर. माळ्यावरून सासऱ्यांचा २०१४ चा टॅब निघाला. चार्जिंगला लावला, चक्क चालू झाला! ॲप एक उघडेना. अपडेट करा म्हणतंय, करायला गेलं की या टॅबवर होणार नाही म्हणतंय. कव्हरच्या खिशात अण्णांचं पेन्सिलीने लिहिलेलं चतकोर पान:

१. पांढरी पिशवी, तिच्यावर रंगीत त्रिकोण. दाबणे.
२. हिरव्यावर दाबणे.
३. गोल फिरते. थांबणे. चहा घेणे.
४. पैसे मागितल्यास मागे येऊन सूनबाईस हाक मारणे.

तेव्हा प्ले स्टोअरचं चित्र पिशवीचंच होतं. पुढे पिशवी जाऊन नुसता त्रिकोण राहिला तर अण्णा दोन दिवस शोधत बसलेले. तुमचंही येऊ द्या.

चहाबाज: "चहा घेणे" =)) टूजीवर दोन कप व्हायचे. आमच्या गावात उतरवायचं कुठलं? मोबाईलवाला मेमरी कार्ड ठेवून घ्यायचा आणि संध्याकाळी गाणी, पिक्चर, गेम ठासून परत. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्याचा तो धंदा बसला. आता स्क्रीनगार्ड चिकटवतो.

डोंबिवलीकरीण: यूटीएस, ते रेल्वेच्या तिकिटाचं ॲप!! लोकल समोर दिसत होती आणि ॲप म्हणत होतं रुळांपासून लांब जा. जिना चढून रिक्षास्टँडपाशी आले, तिकीट निघालं, लोकल गेली.

सुखी_जीव: अगं, स्टेशनात क्यूआर लावलेला असायचा तो स्कॅन करायचा. आतही निघायचं.

डोंबिवलीकरीण: हे मला आत्ता कळतंय :(

बांधावरून: आमच्याकडे ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक सरकारदरबारी नोंदवायचं ॲप. फोटो शेतात उभं राहूनच काढायचा, रेंज मात्र टेकडीवर. २०२१ पासून वडिलांची, काकांची, शेजारच्या आजींची, सगळ्यांची तूर माझ्याच फोनमधून गेलीय. आजी पदर नीट करून तुरीत उभ्या राहिल्या. म्हटलं आजी, फोटो पिकाचा आहे. तरी हलल्या नाहीत.

चहाबाज: आजींना नमस्कार. तूर काय भाव यंदा?

नाव_नको: हसण्यातलं नाही, पण लिहिते. बाबांना "आज रात्री वीज तोडू" असा मेसेज आला. फोनवरच्या माणसाने एक ॲप टाकायला लावलं. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही. सांगायची गरजच नव्हती, त्या ॲपमुळे त्याला बाबांची स्क्रीन दिसत होती. लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून गेलेल्यातले थोडे तरी पैसे अडवता आले. पैशांचं एक असो, बाबा महिनाभर फोनला हात लावेनात.

सुखी_जीव: बाबांना सांग, शिकलेसवरलेलेही फसतात. माझा दीर इंजिनिअर आहे, पुढचं विचारू नका. कुकर झाला, येते.

वाटाणा_उसळ: धागा अण्णांना वाचून दाखवला. चष्मा मागवला, पेन्सिल मागवली आणि त्याच पानावर: "५. वीजवाल्याचा फोन आल्यास काहीही न दाबणे. १९३०."

चहाबाज: तुरीचं सांगा की कुणीतरी.