पहिलं पान फाडलं म्हणे!

मोहरीचा दाणा:
परवा एका पोस्टमध्ये वाचलं: "उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती म्हणजे पहिलं पान फाडून बायबल वाचणारा. उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) खोटी तर वधस्तंभही खोटा. मोशे किंवा डार्विन, एकच निवडा." खाली आमेनची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

पहिलं पान फाडलेलं नाही हो, ते जरा जास्तच वेळा वाचलंय, तिथेच घोळ आहे. पहिल्या दिवशी उजेड आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन संध्याकाळी कशाच्या? हा प्रश्न कुठल्या नास्तिकाचा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तो विचारला, डार्विनच्या १६०० वर्षं आधी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टिनने उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि त्यातही ते सहा दिवस सूर्याने मोजायचे दिवस नाहीत. वर त्याने बजावलंय: आकाश-पृथ्वीबद्दल बाहेरच्यांना अनुभवाने ठाऊक असलेल्या गोष्टींवर आपण पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोललो, तर लोक हसतील, आणि मग पुनरुत्थानाबद्दल आपलं ऐकणार कोण? सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनचंही तेच. मोशे (उत्पत्तीचा लेखक मानला जाणारा) सामान्य माणसाला दिसतं तसं लिहितो, खगोलशास्त्र शिकायचं त्याने दुसरीकडे जावं.

मग हे "एकच निवडा" आलं कुठून? १६५० साली आर्चबिशप अशरने बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाच्या निर्मितीचं साल इ.स.पू. ४००४ काढलं. पुढे ते छापील बायबलांच्या समासात जाऊन बसलं आणि लोकांना वचनच वाटू लागलं. अमेरिकेत शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल झालेल्या १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभा राहिलेला ब्रायनसुद्धा साक्षीत म्हणाला, की ते दिवस २४ तासांचेच असं नाही. आणि सगळे खडक जलप्रलयानेच रचले ही कल्पना सर्वदूर पोचली ती १९६१ नंतर, व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांच्या पुस्तकाने. माझ्या वडिलांपेक्षा वयाने लहान कल्पना, आणि ती मला पूर्वजांचा विश्वास म्हणून शिकवताय.

शिलालेख:
ऑगस्टिन अर्धाच वाढलात. त्याने दिवस लांबवले नाहीत. सहा दिवससुद्धा जास्त होतात म्हणून सगळं एका क्षणात झालं असं म्हणाला. आधार काय, तर सिराख या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरातला "एकदम" हा शब्द, जो मूळ ग्रीकमध्ये त्या अर्थाने नाहीच. हाच ऑगस्टिन 'देवाचं नगर' ग्रंथात सांगतो की माणूस निर्माण होऊन ६००० वर्षंही झालेली नाहीत. ते वाक्य सोयीस्कर गाळलंत. चौथ्या शतकातला बिशप बसिल गाळलात, ज्याच्या लेखी गवत म्हणजे गवतच. धर्मसुधारक ल्यूथर गाळलात, ज्याने या बाबतीत ऑगस्टिनला सरळ बाजूला सारलं. कॅल्विन तर स्वतः सहा दिवस मानायचा. मग १९६१ ची गोष्ट कोणाला सांगता?

आणि बायबलच्या दुसऱ्या पुस्तकातल्या निर्गम २०:११ चं काय? सहा दिवस काम करा, कारण देवाने सहा दिवसांत सगळं केलं. मजुराचे दिवस खरे आणि देवाचे रूपक, तेही एकाच आज्ञेत? आज दिवस रूपक, उद्या आदाम, परवा येशूची रिकामी कबर. गाडी कुठल्या वचनाशी थांबणार, तेवढं सांगा.

खडकफोड्या:
धाग्याच्या विषयाशी थेट संबंध नाही, पण आता कोणीतरी "कार्बन-१४ चुकतो, म्हणून पृथ्वी तरुण" असं लिहीलच, म्हणून आधीच हात जोडतो. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोगच नाही. डायनोसॉरचं वय त्याने कोणीही काढत नाही! किराणा तोलायच्या काट्यावर जहाज ठेवून "बघा, काटा खोटा" म्हणण्यासारखं आहे ते. अंटार्क्टिकात खोदून काढलेलं बर्फ ८ लाख वर्षं मागे जातं. जगभर पाणी भरलं असतं तर ते तरंगून गेलं असतं.

मी तुमच्याच बाकांवर वाढलो, शिलालेख. संडे स्कूलमध्ये नोहाच्या तारवाची लांबी तोंडपाठ होती, ३०० हात. भूशास्त्राला गेलो आणि पहिल्या सहलीत सरांनी एक खडक दाखवला: खाली उभे झालेले थर, ते झिजून सपाट झालेले, त्यांच्यावर पुन्हा आडवे थर. म्हणजे साचणं, कठीण होणं, कलणं, झिजणं, पुन्हा साचणं. एका वर्षाच्या पुरात हे बसवून दाखवा. त्या रात्री मी प्रार्थना केली नाही. दोन वर्षं घरी सांगितलं नाही की मी काय शिकतोय. विश्वास गेला तो त्या खडकामुळे नाही, "एकच निवडा" म्हणणाऱ्यांमुळे. मी निवडलं, इतकंच.

टेकडीवरचा दिवा:
आमच्या कॅथलिकांकडे हा वाद कधीच मिटला. १९५० मध्ये बाराव्या पायस पोपनी पत्र काढून मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास खुला ठेवला, १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की ही आता निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही. महास्फोटाची मूळ कल्पना मांडणारा लमेत्र तर आमचा धर्मगुरूच. तुम्ही मंडळी अजून पहिल्या पानावरच?

शिलालेख:
गॅलिलिओला १६३३ मध्ये गुडघ्यावर आणून चूक १९९२ मध्ये कबूल करणाऱ्यांनी वेळेचे धडे देऊ नयेत. आणि १९५० चं पत्र पुढे वाचा. एकाच आदामाऐवजी अनेक मूळ माणसं मानायला त्यात मनाई आहे. म्हणजे पेच तुमचाही सुटलेला नाही, फक्त झाकण घातलंय.

टेकडीवरचा दिवा:
झाकण? आपली भाषा सांभाळा.

जुना चष्मा:
भांडा, पण शब्द बघून भांडा. हिब्रूत दिवसाला "योम". उत्पत्ती १ मध्ये सहा योम, आणि २:४ मध्ये तोच शब्द अख्ख्या निर्मितीसाठी एकवचनात. भाषांतरात कुठे "दिवस", कुठे "काळी", कुठे "जेव्हा" असं होतं आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही की मुळात शब्द एकच आहे. या विषयावर मी बत्तीस वर्षं ओरडतोय. सातव्या दिवसाला "संध्याकाळ झाली, सकाळ झाली" हे पालुपदच नाही. पहिल्या अध्यायात आधी पशू मग माणूस, दुसऱ्यात आधी माणूस मग पशू. शब्दशः वाचणाऱ्यांनी आधी यातलं शब्दशः कोणतं ते ठरवावं.

आणि २:१७. ज्या दिवशी मना केलेलं फळ खाशील त्या दिवशी मरशील. आदाम किती जगला? ९३० वर्षं. शिलालेख, हा योम किती तासांचा?

शिलालेख:
तो आत्मिक मृत्यू. त्या दिवशी देवापासून तुटला. हे रविवारच्या शाळेतलं पोरही सांगेल.

जुना चष्मा:
वा! म्हणजे आपल्याला अडचण आली की मृत्यू आत्मिक. मग पौलाच्या पत्रात, रोम ५:१२ मध्ये, पापामुळे आलेला मृत्यू आत्मिक म्हणायला आम्हाला का बंदी? तिथे तर स्पष्ट "सर्व माणसांमध्ये" आहे, डायनोसॉरचं नावही नाही. पापाआधी प्राणी मेले तर बिघडतं काय?

शिलालेख:
बिघडतं, कारण देव निर्मिती पाहून "फार चांगले" म्हणाला. रक्ताच्या थारोळ्याला कोणी फार चांगलं म्हणतं? १:३० मध्ये सर्व पशूंना हिरवा पाला दिलाय.

खडकफोड्या:
म्हणजे सिंह गवत खायचा.

शिलालेख:
हो. यशया ११ मध्ये पुन्हा खाणारच आहे. हसा खुशाल. पांडा अस्वलाच्या कुळातला, पोट मांसाहाऱ्याचं, आणि खातो बांबू. दातांवरून आहार ठरत नाही.

खडकफोड्या:
आणि कोळी? जाळं कशाला विणायचा, परागकण झेलायला?

शिलालेख:
तुम्ही गंमत म्हणून विचारलंत, पण काही कोळ्यांची पिल्लं जाळ्यात अडकलेले परागकण खरंच खातात. मध्य अमेरिकेत एक उडी मारणारा कोळी बाभळीच्या पानांच्या टोकांवरच बहुतेक जगतो. आता बोला.

खडकफोड्या:
हे बरोबर आहे, आत्ताच तपासलं. मानलं. पन्नासेक हजार जातींत एक शाकाहारी सापडला, अभिनंदन.

जुना चष्मा:
स्तोत्र १०४ सृष्टीचंच स्तोत्र आहे ना? त्यात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाजवळ अन्न मागतात. कवी त्याबद्दल देवाची स्तुती करतो, माफी मागत नाही.

शिलालेख:
ते पतनानंतरच्या, म्हणजे आदामाच्या पापानंतरच्या जगाचं वर्णन आहे.

जुना चष्मा:
हे कुठल्या ओळीत लिहिलंय?

निरीश्वर:
दोन्ही बाजूंची कसरत बघायला मजा येते. इक्न्यूमन जातीची गांधीलमाशी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते, अळ्या त्याला आतून खातात. डार्विनने १८६० मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रेला लिहिलं होतं, की दयाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असं मन मानत नाही. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आणि तरी उत्क्रांतीचा वकील. शिलालेख निदान म्हणतात हे पापामुळे बिघडलं. दाणेसाहेब, तुमच्या देवाने तर कोट्यवधी वर्षं हेच यंत्र चालवून माणूस काढला. यापेक्षा मी आहे तो बरा.

मोहरीचा दाणा:
सिंह आणि कोळी सोडून मूळ मुद्द्यावर येऊया का? आपल्या शरीरात क जीवनसत्त्व बनवणारं जनुक मोडकं आहे, आणि ते चिंपांझींतही तसंच मोडकं आहे. एकाच कारागिराच्या दोन घड्याळांचे सुटे भाग सारखे असतील, पण मोडलेला काटाही सारखा? समान पूर्वज मानला की लगेच उलगडा होतो. देवाने या मार्गाने घडवलं असं म्हणण्यात त्याचा काय अपमान? "पृथ्वी प्राणी उपजवो" असं १:२४ मध्येच आहे. बदल, उत्परिवर्तन, निवड, हीच त्याची रीत.

सावली:
मी इथे सहसा लिहीत नाही. माझा भाऊ १९ व्या वर्षी गेला. ड्यूशेन. स्नायू झिजत जातात, एका जनुकातल्या बिघाडाने. अकराव्या वर्षी चालणं थांबलं, मग हात, शेवटी श्वास. घरात आधी कोणाला नव्हतं, त्याच्यातच नव्याने झालेला बदल, असं डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधीच्या दिवशी एक वडीलधारे म्हणाले, आदामाच्या पापाचं फळ. मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. मग दुसऱ्या एकाने, फार शिकलेल्या, समजावलं: उत्परिवर्तनं नसती तर आपण कोणीच नसतो, ती देवाची निर्मितीची रीत आहे. दाणा, अगदी तुमचेच शब्द. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा जास्त राग आला. पहिल्याने निदान ते वाईट आहे असं तरी म्हटलं होतं.

शिलालेख:
ताई, मनापासून वाईट वाटलं. मी दिवसभर हेच सांगतोय. १ करिंथ १५ मध्ये मृत्यू हा शेवटचा शत्रू आहे, देवाचं हत्यार नाही. तुमच्या भावाचं उदाहरण हेच सिद्ध

सावली:
माझ्या भावाला मुद्दा बनवू नका. तुम्हीही नाही.

शिलालेख:
चुकलं. वाक्य अर्धंच राहू दे.

मोहरीचा दाणा:
ताई, "रीत" हा शब्द मी फार सहज लिहिला. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आत्ता घाईघाईने तयार करणार नाही. खडकांचं वय त्यामुळे बदलत नाही, पण पापाआधीचा मृत्यू हा प्रश्न मी चार ओळींत उडवला होता, तो तसा उडत नाही. शिलालेख, ही तुमच्या बाजूची एकमेव भक्कम जागा आहे. बाकी कोळी तुम्हालाच लखलाभ.

निरीश्वर:
आज ख्रिस्ती लोक "माझ्याकडे उत्तर नाही" म्हणाले. तारीख लिहून ठेवतो.

खडकफोड्या:
तुमच्या बाजूनेही कधी म्हणून बघा, जड जातं.

जुना चष्मा:
माझ्या २:४ ला कोणी उत्तर दिलं नाही.

मोहरीचा दाणा:
ज्यांच्या पोस्टमुळे हे सगळं झालं ते इकडे फिरकलेलेच नाहीत, तिकडे आमेन मोजत असतील. ऑगस्टिनचं ६००० वर्षांचं वाक्य मी मूळ लेखात घालतोय, ते गाळायला नको होतं. रोम ५ साठी वेगळा धागा हवा. शिलालेख, तुम्हीच काढा, मी येतो भांडायला.

शिलालेख:
रविवारनंतर काढतो. जुन्या चष्म्यांना सांगा, २:४ घेऊन या. पांडा आणता येणार नाही.